साडेतीन अक्षरांची शांतता

श्रुतलेखन घालताना आपण दर वेळी 'पूर्णविराम' असे म्हणत नाही. किंचित थांबतो, आणि मुले ओळखतात. कारखान्यातील यंत्रांनाही हीच युक्ती शिकवली गेली.

अमेरिकेतील मोडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या नियंत्रकांसाठी 'मॉडबस' ही संदेशपद्धती आणली. एका तारेवर अनेक उपकरणे. मुख्य उपकरणाने विचारल्याखेरीज इतरांनी बोलायचे नाही. (आमच्या वर्गात हे कधी साधले नाही!) तिच्या आरटीयू या प्रकारात प्रत्येक संदेशात उपकरणाचा क्रमांक, कामाचा क्रमांक, माहिती आणि शेवटी चूक ओळखणारी १६ बिटांची तपासणी-संख्या असते. संदेश संपल्याची खूण मात्र नसते. माहितीत ० ते २५५ यांपैकी कोणतीही संख्या येऊ शकते. मग खुणेसाठी वेगळे चिन्ह उरणार कोठून? म्हणून ठरले की, साडेतीन अक्षरे पाठवण्याइतका वेळ तार शांत राहिली तर संदेश संपला. एका अक्षराला ११ बिट आणि सेकंदाला ९६०० बिट हा वेग धरल्यास हा वेळ सुमारे ४ मिलिसेकंद येतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिले. त्यातील सीरियल पोर्ट हाताळण्याची रीत युनिक्सची, आणि युनिक्समध्ये ती टेलिटाइपवर टंकणाऱ्या माणसासाठी घडलेली. तिच्यातील वाट पाहण्याचे माप सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे मॉडबसच्या शांततेच्या २५ पट! शिवाय १६५५० या प्रचलित सीरियल चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा असतो. अक्षरे तेथे जमून एकदम पुढे जातात; मधल्या थांब्यांची नोंद राहत नाही.

मग काम चालते कसे? लिनक्स संगणक मुख्य असेल तर शांतता मोजायची गरजच फारशी पडत नाही. प्रश्न त्यानेच विचारलेला असतो, त्यामुळे उत्तराची लांबी ठाऊक असते. दहा नोंदी मागितल्या तर सुरुवातीची ३, नोंदींची २० आणि तपासणीची २ अशी २५ अक्षरे मोजायची, तपासणी-संख्या जुळवायची.

खरी अडचण तो दुय्यम असताना येते. तारेवर इतरांची बोलणीही त्याच्या कानी पडतात. प्रश्न आणि उत्तर यांत कामाचा क्रमांक तोच, लांबी मात्र वेगळी. एक अक्षर गळले की सारा हिशेब कोलमडतो, आणि शांतता शोधावीच लागते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये ठरावीक वेळेत प्रतिसाद देण्याची सोय मुख्य आवृत्तीत समाविष्ट झाली. चिपमधला साठा मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा. तो एकेका अक्षरावर आणून ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.