अकरा आणि तेराच्या मधले घर

पिंपरीतल्या एका कामगार वसाहतीत आमचे लहानपण गेले. तिथल्या छोट्या वाचनालयात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ज्या क्रमाने हाती लागेल त्या क्रमाने वाचावा लागे. ‘चिंकू चिंपांझी आणि फास्टर फेणे’ आधी मिळाले. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ त्यानंतर वर्षभराने. या उलटसुलट वाचनाने काहीही बिघडले नाही, याचे तेव्हा नवल वाटले नव्हते. आज वाटते. मालिकेतला पुढचा भाग वाचणे म्हणजे काय, या प्रश्नाचा मराठीपुरता इतिहास त्या न बिघडण्यातच दडलेला आहे.

फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला बनेश ऊर्फ बन्या वीसेक पुस्तकांतून सायकल दामटत राहिला. पण त्याचे वय वाढले नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या किंवा नारायण धारपांचे समर्थ घ्या, नायक वाचकापुढे येतो तो पुरता घडलेलाच. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र दार असते; कोणत्याही दाराने आत शिरावे. फिरत्या वाचनालयांवर जगणाऱ्या वाचकाला ही रचना सोयीची होती. आधीचा भाग कुणीतरी नेलेला असणार, हे जणू लेखकाने गृहीतच धरलेले असे.

या सोयीची किंमतही होती. वाचक वाढतो, नायक वाढत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी बन्याचा हात सोडावा लागे, तो त्याच्यावर रुसून नव्हे. आपल्या नव्या प्रश्नांना त्याच्याकडे जागा नव्हती म्हणून. १९८७ साली सुमीत राघवनच्या रूपाने तो दूरदर्शनवर आला तेव्हाही शाळकरीच होता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण बनेश भेटायला २०१७ सालचा चित्रपट यावा लागला. बन्या मोठा झाला, पण कागदावर नव्हे.

या पार्श्वभूमीवर २१ जून २००३ रोजी आलेला हॅरी पॉटरचा पाचवा खंड आठवावा. तो मध्येच उचलून वाचता येत नाही. त्यातला राग समजायला मागच्या चार खंडांची आठवण गाठीशी लागते. अकराव्या वर्षी भेटलेला मुलगा आता पंधरा वर्षांचा झाला आहे. शत्रू परतला आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे आणि वर्तमानपत्रे व मंत्रालय त्याला खोटा ठरवत आहेत. पहिल्या खंडात जादूची शाळा दूर, डोंगराळ मुलखात होती. इथे जादू लंडनच्या रस्त्यांवर उतरते. अकरा आणि तेरा क्रमांकांच्या घरांमध्ये बारा क्रमांकाचे घर लपलेले आहे. मोडक्या टेलिफोन बूथमधून जमिनीखालच्या मंत्रालयात जाता येते. वाचकाच्या वाढत्या वयाबरोबर अद्भुतही शहरी आणि राजकीय होत गेले. पुढच्या भागाचे खरे काम हेच: आधीच्या भागांनी दिलेला दिलासा तपासून पाहणे.

ही मालिका मराठीतही आली. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने ती काढली. पण अनुवाद मुळाच्या मागूनच येणार, हा त्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे. स्वतंत्र दारांच्या मालिकेत हा उशीर खपून गेला असता. इथे शेजारच्या बाकावरच्या मुलाला कोण मेले ते आधीच कळलेले असे. मराठीत सुरुवात केलेल्या मुलांना मग वाट पाहवेना. शब्दकोश जवळ ठेवून का होईना, ती इंग्रजीकडे वळली. माझ्या वर्गात असे विद्यार्थी पुढे अनेक वर्षे भेटत राहिले. इंग्रजी आले, हे चांगलेच झाले. परंतु पौगंडावस्थेतला संताप, मृत्यू आणि अविश्वास यांविषयी त्यांनी वाचलेली पहिली मोठी गोष्ट मराठीत नव्हती. बालवाङ्मय सोडण्याचे वय आणि मराठी वाचन सोडण्याचे वय असे एक होऊन बसले. भाषेच्या ऱ्हासाची चर्चा करताना आपण शाळांच्या माध्यमाबद्दल पुष्कळ बोलतो. या सांध्याबद्दल फारसे बोलत नाही.

सामग्रीचा तुटवडा होता म्हणावे, तर आमचा पट्टा पाहावा. एका बाजूला देहू, जिथे बुडवलेल्या वह्या इंद्रायणीने कोरड्या परत दिल्याची कथा आहे; दुसऱ्या बाजूला आळंदी, जिथे भिंत चालते. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. चाकणला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढवलेला भुईकोट आहे. त्यात १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आले, मग औद्योगिक वसाहत, १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने पोचले. हे शहरही भागाभागांनीच लिहिले गेले. फरक इतकाच, की इथल्या प्रत्येक भागाने आधीचा भाग विसरून सुरुवात केली. १९७२ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीच्या शेतांना सेक्टरांचे क्रमांक दिले. बांध, विहिरी आणि म्हसोबा त्या क्रमांकांच्या मधे कुठेतरी राहिले.

लपलेले घर शोधायला याहून चांगली जागा कोणती? दोन प्लॉटांच्या मधली विहीर एखाद्या तिसऱ्या पाळीच्या कामगाराच्या मुलीलाच दिसावी, पहिल्या भागात तिने तिथे नुसते खेळावे आणि पाचव्या भागात ती जमीन कुणाची होती असे वडिलांना विचारावे. असा पाचवा भाग लिहायचा तर आधी चार लिहावे लागतील, आणि ते चारही खंड क्रमाने जपून ठेवणारे एखादे वाचनालयही लागेल.