गनिमी युद्धाची पुस्तकं आणि आपण



मागल्या महिन्यात अभ्यासमंडळाच्या बैठकीत एक मित्र उठला आणि म्हणाला, निवेदनं देणं पुरे झालं, आता गनिमी युद्ध. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याच्या गावी वस्तीतल्या पोराला गावकऱ्यांनी बडवलं होतं आणि तीन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून तक्रार घेतली गेली नव्हती. राग खरा होता. मग मी विचारलं, गड्या, यावरचं काय वाचलंस? त्यानं अंगातल्या चे गव्हेराच्या बनियनकडं बघितलं आणि गप झाला. मी हसलो नाही. दोन वर्षांखाली माझीही तीच गत होती.

मी गिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेले धागे जोडणारा माणूस. शाळा नववीला सुटली. ही पुस्तकं तिसऱ्या पाळीनंतर, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. तेव्हा विद्वानांची यादी माझ्याकडून मिळणार नाही. कशानं डोकं फिरलं आणि कशानं ठिकाणावर आलं, तेवढंच सांगतो.

सगळे माओपासून सुरू करतात. 1937 साली जपानी फौज चीनमध्ये घुसली तेव्हाचं ते छोटं पुस्तक. त्याचं गाजलेलं इंग्रजी भाषांतर सॅम्युएल ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याचं. म्हंजे शत्रू यांचं बारकाईनं वाचतो, आणि आपण नुसती घोषणा पाठ करतो. मासा आणि पाण्याची ती उपमा सगळ्यांच्या तोंडी असते : लढणारा मासा, जनता पाणी. च्यायला, पाण्याची गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी? पण जरा थांबून बघा. ज्याची चाळीस घरं गावकुसाबाहेर, आणि अख्खं पाणी गावाच्या ताब्यात, त्या माशानं पोहायचं कुठं? हा प्रश्न डोक्यात बसला आणि पुढची सगळी पुस्तकं मी त्याच डोळ्यांनी वाचली.

चेचं 1960 सालचं गनिमी युद्धावरचं पुस्तक वाचा, पण लगोलग त्याची बोलिव्हियातली डायरीही वाचा. नोव्हेंबर 1966 ते ऑक्टोबर 1967. दर महिन्याच्या शेवटी तो हिशेब मांडतो, आणि पुन्हा पुन्हा तीच नोंद : शेतकरी आपल्यात येत नाहीत. बोलिव्हियात 1953 साली जमीनवाटप झालेलं. याची माणसं केचुआ भाषा शिकत होती आणि त्या मुलखातले लोक ग्वारानी बोलणारे. 8 ऑक्टोबरला पकडला, दुसऱ्या दिवशी ला इगेरा गावच्या शाळेत मारला. बनियनवर हे छापत नाहीत. माणूस मोठाच, पण डायरी त्याच्या पहिल्या पुस्तकाला खोडून काढते, आणि ती त्यानं स्वतः लिहिलीय, म्हणून मी त्याला जास्त मानतो.

आता दुसऱ्या बाजूचं. रॉबर्ट थॉम्प्सन हा मलायात काम केलेला इंग्रज अधिकारी. त्याचं पुस्तक 1966 चं. 1948 ते 1960 तिथं बंड चाललं. इंग्रजांनी जंगलाच्या कडेला राहणारी, बहुतेक चिनी, पाच लाखांच्या आसपास माणसं उचलून तारेच्या कुंपणातल्या नव्या गावांत बसवली. पुढं काही ठिकाणी तांदूळ देणं बंद करून शिजवलेला भात वाटला, कारण शिजलेला भात टिकत नाही, जंगलात पोचेपर्यंत आंबतो. डबाबंद खाणं विकताना डब्याला भोक पाडत. हे वाचलं त्या दिवशी मला डबा गेला नाही. कडेला राहणाऱ्यांचं काय होतं ते बघा. बंड कुणाचंही असो, पहिलं कुंपण त्यांनाच.

दाविद गालुला हा फ्रेंच अधिकारी. ज्यू म्हणून 1941 साली व्हिशी सरकारनं त्याला फौजेतून काढलं होतं. तोच पुढं 1956 ते 58 अल्जेरियातल्या कबाइलीत कंपनी घेऊन बंड मोडत होता. त्याचं पुस्तक 1964 चं. शिरगणती, शाळा, दवाखाना, स्थानिक निवडणूक, सगळं त्याच्या लेखी हत्यार. अल्जेरिया 1962 साली स्वतंत्र झाला, तरी 2006 साली इराकसाठी अमेरिकन फौजेनं जी पुस्तिका काढली तिच्यात गालुला आहेच.

आणि त्याच अल्जेरियात, ब्लिदाच्या मनोरुग्णालयात, 1953 पासून फ्रांझ फॅनन होता. मार्टिनिकचा काळा डॉक्टर. 1956 साली राजीनामा देऊन बंडखोरांकडं गेला. 1961 साली त्याचं शेवटचं पुस्तक आलं आणि त्याच साली 6 डिसेंबरला तो रक्ताच्या कर्करोगानं गेला. वय 36. तारीख बघून मी पुस्तक मिटून बसलो होतो थोडा वेळ. हिंसेवरचं पहिलं प्रकरण सगळे वाचतात, सार्त्रची प्रस्तावना तर भाषणातही येते. शेवटचं प्रकरण कुणी वाचत नाही. त्यात त्याचे रोगी आहेत. दिवसभर कैद्यांचा छळ करून घरी बायकापोरांना मारणारा गोरा पोलीस. आपल्याच गोऱ्या सवंगड्याला मारणारी तेरा-चौदा वर्षांची दोन अल्जेरियन पोरं. फॅनन लढ्याच्या बाजूचा, तरी त्यानं हे झाकलं नाही. माझं म्हणणं, हे पुस्तक शेवटाकडून वाचायला घ्या.

सी. एल. आर. जेम्सचं हैतीवरचं पुस्तक (1938) मात्र सरळ वाचा, झोप उडते. 1791 साली सां-दोमिंगचे गुलाम उठले. गुलाम पाच लाखांच्या घरात, गोरे तीस-चाळीस हजार. तिथं पाणी त्यांचंच होतं. नेपोलियननं मेहुण्याला फौज देऊन पाठवलं. निम्मं काम पीतज्वरानं केलं. तुसँ लुव्हर्त्यूरला बोलणीला बोलावून धरलं, 1803 साली फ्रान्सच्या थंड किल्ल्यात तो मेला. तरी 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र. आपलीही तारीख 1 जानेवारीच, साल 1818. फरक एवढाच की कोरेगावला बंदूक कंपनीची होती, आणि गरज सरल्यावर महारांची भरती इंग्रजांनीच बंद केली. हैतीनं बंदूक स्वतःची केली, पण 1825 साली फ्रान्सनं 15 कोटी फ्रँक भरपाई लादली. गुलामांनी मालकांना द्यायची! त्यापायी काढलेली कर्जं विसाव्या शतकातही फिटत होती.

हे सगळं झाल्यावर मी पुन्हा महाडकडं आलो. 20 मार्च 1927. पाणी पिऊन लोक जेवत होते तेव्हा हल्ला झाला, डोकी फुटली. आपल्यात लष्करात राहिलेले गडी होते, उलटून मारायला हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी आवरलं. डिसेंबरात दहा हजारांच्या आसपास माणूस जमला, कोर्टाचा मनाईहुकूम आला, सत्याग्रह तहकूब केला. पूर्वी मला ही माघार वाटायची. आता वाटतं, पाणी कुणाचं याचा हिशेब त्या मैदानात एकाच माणसाकडं होता. कोर्टाचा शेवटचा निकाल 1937 ला आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात ते म्हणाले की सनदशीर मार्ग उघडे झाल्यावर रक्ताचा मार्ग सोडावा, सत्याग्रहसुद्धा सोडावा. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, आणि ठाण्यात तक्रारच घेत नाहीत तिथं उघडा मार्ग कुठला? याला माझ्याकडं तयार उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वकिलाकडं गेलो, तक्रार टपालानं वरच्या साहेबाकडं पाठवली, पोचपावती ठेवलीय.

फॅननची प्रत सध्या त्याच्याकडं आहे. शेवटच्या प्रकरणाची पानं सुटलीत, दोऱ्यानं बांधून दिलीत. रविवारी परत आणणार आहे. पुढचा नंबर कुणाचा ते सांगा.