मोटारीला अर्थिंगच्या दोन तारा का?

१/ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. पुढे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात असे कारखाने वाढले. त्यांच्यासोबत पंप आणि इतर यंत्रे फिरवणाऱ्या विजेच्या मोटारीही आल्या.

२/ साखर कारखान्यात जमीन ओली, हवा दमट. मोटारीच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन खराब झाले की वीज लोखंडी सांगाड्यात उतरते आणि त्याला स्पर्श करणाऱ्याच्या देहातून जमिनीकडे जाते. अर्थिंगची तार तिला अधिक सुलभ वाट देते. प्रवाह एकदम वाढून फ्यूज उडतो.

३/ परंतु ही तार तुटली तरी मोटार पूर्ववत फिरत राहते. उणीव कळते ती अपघातानंतर. म्हणूनच ‘भारतीय वीज नियम, १९५६’ मधील नियम ६१ ने २५० ते ६५० व्होल्टच्या मोटारींच्या सांगाड्याला जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या सक्तीच्या केल्या. दोन्ही तारा एकाच बोल्टला आवळल्या, तर नियमाचा हेतूच फसतो.

४/ हे कर्तव्य नियमाने मालकावर सोपवले. सहकारी कारखान्यात मालक म्हणजे सभासद शेतकऱ्यांचीच संस्था. मालकीसोबत कामगाराच्या जिवाची जबाबदारीही तिच्याकडे आली.

५/ २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम आले. दोन जोडण्यांची अट मात्र कायम राहिली.