लपलेलें भिंग आणि अनोळखी चेहरे

इ. स. १८३८ मध्यें पॅरिस शहरांत लुई दागेर या चित्रकारानें खिडकींतून दिसणाऱ्या बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचें एक चित्र, रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, केवळ प्रकाशाच्या साहाय्यानें उमटविलें. रस्ता वर्दळीचा होता. गाड्याघोडे आणि पादचारी यांची त्यावर सदैव ये-जा असे. परंतु चित्र पाहावें तों रस्ता ओसाड! प्रकाशाचा ठसा उमटण्यास त्या काळीं कित्येक मिनिटें लागत, आणि चालता मनुष्य तेवढा वेळ एका जागीं थांबणार कसा? जो हलला तो चित्रांतून पुसला गेला. एकच गृहस्थ बचावले. बुटास पॉलिश करून घेण्यासाठीं ते कोपऱ्यावर एक पाय उचलून उभे होते, म्हणून त्यांची आकृति, आणि त्यांच्या पायाशीं बसलेल्या मनुष्याची अंधुक छाया, पत्र्यावर राहिली. छायाचित्रांत सांपडलेला हा बहुधा पहिला मनुष्य होय. त्याचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं; आणि आपलें चित्र निघत आहे ही वार्ता त्या वेळीं त्याच्या कानांवरही नसावी. रस्त्यावरील अनोळखी माणसाचें त्याच्या नकळत चित्र घेण्याची प्रथा अशी छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच, केवळ योगायोगानें, सुरू झाली.

पुढील चाळीसएक वर्षें मात्र ही कला माणसांना न्याहाळण्याऐवजीं उभें करीत राहिली. १८५१ सालीं निघालेल्या पद्धतींत कांच रासायनिक द्रव्यानें ओली असतांनाच चित्र घेऊन तेथल्या तेथें धुवावें लागे, म्हणून घराबाहेर पडलेल्या छायाचित्रकारामागें काळोख्या तंबूचा सगळा संसार चाले. एवढा लवाजमा पाहून न थबकणारा वाटसरू कोण? मुंबईंत छायाचित्रकारांचें मंडळ १८५४ सालींच स्थापन झालें होतें, आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे विद्वान् त्यांत भाग घेत असत. त्या मंडळापैकीं विल्यम जॉन्सन यानें मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ माणसें एका ठिकाणीं उभीं करून टिपलेलीं, आणि मागचा देखावा दुसऱ्याच कांचेवरून आणून जोडलेला, अशी ती करामत आहे. लंडनमध्यें जॉन टॉमसन यानें १८७७-७८ सालीं रस्त्यांवरील गरिबांचीं चित्रें मासिक भागांनीं छापलीं. पायरीवर बसून दुसरीचें मूल सांभाळणाऱ्या वृद्ध विधवेचें त्यांतलें चित्र आजही अंगावर कांटा आणतें. पण तींही माणसें टॉमसनला विचारून आणि त्याच्यासाठीं थांबून बसलेलीं होतीं.

मग कोरडी कांच आली. ती आधीं तयार करून ठेवतां येई, सवडीनें धुतां येई, आणि सेकंदाच्या अल्पांशांत चित्र धरी. तिपाई गेली, तंबू गेला आणि कॅमेरा खिशांत, पुस्तकांत, काठीच्या मुठींत लपूं लागला. १८८६ मध्यें स्टर्न नांवाच्या कारखानदारानें असाच एक बशीएवढा वाटोळा कॅमेरा विकावयास काढला. तो वासकुटाच्या आंत छातीवर बांधावयाचा. भिंग तेवढें बटणाच्या काजांतून बाहेर डोकावे. खिशांतून जाणारी दोरी ओढली कीं एक चित्र होई, आणि एका कांचेवर अशीं सहा वाटोळीं चित्रें बसत.

नॉर्वेची राजधानी, जिला आज ऑस्लो म्हणतात व त्या काळीं क्रिस्तियानिया म्हणत, तेथें कार्ल स्टॉर्मर नांवाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १८९३ मध्यें हा कॅमेरा अंगावर चढविला. एका अपरिचित तरुणीचें चित्र आपल्यापाशीं असावें या हेतूनें त्यानें तो मिळविला, असें पुढें त्यानेंच सांगितलें. तरुणीचें काय झालें तें असो. कॅमेऱ्याचा नाद मात्र सुटला नाहीं. १८९७ पर्यंत कार्ल योहान या राजमार्गावर हिंडून त्यानें सुमारें पांचशें चित्रें घेतलीं. नाटककार हेन्रिक इब्सेनही त्याच्या तडाख्यांतून सुटले नाहींत. स्टॉर्मरची युक्ति साधी होती. समोरून कोणी आलें कीं टोपी उचलून नमस्कार करावयाचा. तो मनुष्य प्रतिनमस्कारासाठीं हंसला कीं दोरी ओढावयाची.

त्या काळच्या चित्रशाळेंत बसून काढविलेलीं चित्रें पाहावींत. त्यांतील थोरामोठ्यांच्या मुद्रा पाषाणाच्या असतात. मान ताठ, ओठ मिटलेले, हात खुर्चीच्या पाठीवर. स्टॉर्मरच्या चित्रांत तींच माणसें वाऱ्यानें उडणारी टोपी सांवरीत, छत्री काखेंत मारून, तोंडभर हंसत चाललेलीं आहेत. एकोणिसाव्या शतकांतील माणसेंही हंसत असत, ही गोष्ट पुष्कळांना या चित्रांनींच पटते. तथापि तें हास्य परिचिताच्या नमस्कारास दिलेलें उत्तर होतें, भिंगासाठीं नव्हतें, हें विसरतां येत नाहीं. स्टॉर्मर पुढें मोठा गणिती झाला. उत्तर ध्रुवाकडील आकाशांत दिसणाऱ्या प्रकाशाचीं चित्रें एकाच क्षणीं दोन ठिकाणांहून घेऊन त्यानें त्या प्रकाशाची उंची मोजली. रस्त्यांतल्या चोरट्या चित्रांचें प्रदर्शन भरलें तेव्हां तो सत्तरीच्या घरांत होता.

सर्वच चोरटीं चित्रें अशीं निरुपद्रवी नव्हतीं. १८८८ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला बाजारांत आणला. कळ दाबण्यापलीकडे घेणाऱ्यास कांहीं येण्याची गरज उरली नाहीं. दोनच वर्षांनीं, १८९० च्या डिसेंबरांत, सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत एक निबंध लिहून, झटपट छायाचित्रें आणि वृत्तपत्रें यांच्यापासून खाजगी आयुष्याचें रक्षण व्हावें असें प्रतिपादन केलें. खाजगीपणाच्या हक्काची आधुनिक चर्चा येथून सुरू होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें तो मूलभूत हक्क म्हणून मान्य केला तो २०१७ सालीं. न्यूयॉर्क राज्यांत एका तरुणीचें चित्र तिला न विचारतां पिठाच्या जाहिरातीवर छापून पंचवीस हजार प्रती वांटण्यांत आल्या. १९०२ मध्यें न्यायाधीशांनीं चारांविरुद्ध तीन अशा फरकानें तिला रित्या हातीं परत पाठविलें. लोकांत इतका क्षोभ झाला कीं दुसऱ्याच वर्षीं त्या राज्यानें, जाहिरात किंवा व्यापार यांसाठीं लेखी संमतीवांचून कोणाचें चित्र वापरूं नये, असा कायदा केला. कलेचें काय, हा प्रश्न कायद्यानें उघडाच ठेवला.

१९१६ मध्यें न्यूयॉर्कच्याच रस्त्यांवर पॉल स्ट्रँड यानें कॅमेऱ्याच्या एका बाजूस खोटें भिंग बसविलें. लोकांना वाटे कीं हा दुसरीकडचें कांहीं टिपीत आहे. खरें भिंग त्यांच्याकडे असे. या रीतीनें घेतलेलें त्याचें सर्वांत गाजलेलें चित्र एका आंधळ्या फेरीवाल्या स्त्रीचें आहे. तिच्या गळ्यांत ‘आंधळी’ असें लिहिलेली पाटी असून वर परवान्याचा क्रमांकित बिल्ला आहे. जिला खरेंही भिंग दिसणार नव्हतें, तिच्यासमोर खोट्या भिंगाचा पडदा! चित्र करुणेनें ओथंबलेलें आहे, आणि असें असूनही तिची संमति कोणी घेतली नाहीं. हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत, आणि एकानें दुसरें खोडलें जात नाहीं.

१९२५ मध्यें जर्मनींत लायका कॅमेरा विक्रीस आला. ऑस्कर बार्नाक यानें चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यांत वापरली होती. कॅमेरा मुठींत मावे आणि लागोपाठ छत्तीस चित्रें घेतां येत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यानें १९३२ पासून हा कॅमेरा, त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनें झांकून, जगभर फिरविला. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींच्या अंतापूर्वीं थोडाच वेळ तो त्यांना भेटून गेला होता. नंतरच्या शोकाकुल जनसमुदायाचीं त्याचीं चित्रें सर्वत्र पसरलीं.

परंतु या विषयांत सर्वांत विचार करावयास लावणारा मनुष्य वॉकर एव्हन्स होय. १९३८ ते १९४१ या काळांत तो न्यूयॉर्कच्या भुयारी आगगाडींत कोटाखालीं कॅमेरा बांधून बसे. भिंग दोन बटणांमधून डोकावे, आणि कळेची तार बाहींतून तळहातापर्यंत आलेली असे. कॅमेऱ्यांतून पाहण्याची सोय नव्हती, प्रकाश अपुरा होता, गाडी हादरत होती. समोरच्या बांकावर दैव कोणास आणून बसवील त्याचें चित्र. दिवसभराच्या कामानें शिणलेलीं, कोणी आपल्याकडे पाहत नाहीं या समजुतीनें सैल सुटलेलीं तीं मुखें पाहतांना प्रेक्षकालाच संकोच होतो. एव्हन्सलाही झाला असावा. आपल्या या उद्योगास त्यानें हेरगिरी म्हटलें, आणि तिच्याबद्दल खेदही दाखविला. लेखक जेम्स एजी यानें १९४० मध्येंच प्रस्तावना लिहून दिली होती, तरी पुस्तक निघालें तें १९६६ सालीं, एजीच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनीं. चित्रें घेण्याची घाई आणि छापण्याची सबुरी, ही जोडी या धंद्यांत दुर्मिळच.

न्यायालयांनीं पुढें दोन निराळे मार्ग धरले. मॉन्ट्रिऑल शहरांत इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचें चित्र एका कलाविषयक मासिकानें १९८८ मध्यें छापलें. सोबत्यांनीं तिची थट्टा केली. दहा वर्षांनीं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें तिच्या बाजूनें कौल देऊन दोन हजार डॉलरची भरपाई कायम केली. न्यूयॉर्कमध्यें फिलिप-लोर्का डिकोर्सिया यानें १९९९ ते २००१ या काळांत टाइम्स स्क्वेअरमध्यें उंचावर दिवे बांधून, दुरून वाटसरूंचीं मुखें टिपलीं. त्यांत एक धर्मनिष्ठ वृद्ध ज्यू गृहस्थ होते. मूर्ति व प्रतिमा त्यांच्या श्रद्धेस निषिद्ध. त्यांच्या चित्राच्या प्रती वीस ते तीस हजार डॉलरला विकल्या गेल्या. ही गोष्ट त्यांना २००५ मध्यें समजली आणि त्यांनीं फिर्याद केली. कलाकृति ही व्यापारी जाहिरात नव्हे, असें २००६ मध्यें खालच्या न्यायालयानें ठरविलें. राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयानें २००७ मध्यें त्या वादांत न शिरतां एवढेंच सांगितलें कीं, फिर्यादीची मुदत एक वर्षाची असून ती चित्र प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून मोजावयाची. ज्याचें चित्र आहे त्यास तें कळल्यापासून नव्हे.