मुक्ताबाईचा निबंध आणि शाळेंतील विषयांची मर्यादा

'ज्ञानोदय' पत्राच्या इ. स. १८५५ मधील १५ फेब्रुवारी व १ मार्च या दोन अंकांतून 'मांग महारांच्या दुःखाविषयीं' या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध झालेला आहे. लेखिका मुक्ताबाई, जात मांग, वय चौदा वर्षें, पुण्यास जोतीराव फुले यांनीं काढलेल्या शाळेंत तिचा अभ्यास तीन वर्षें झालेला. भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो मोठा इंग्रजी संग्रह १९९१ सालीं निघाला त्यांत या निबंधाचें भाषांतर आलें, व तेव्हांपासून महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांसहि तो परिचित झाला. तथापि त्याचा उपयोग बहुधा अस्पृश्यतेच्या इतिहासाचें एक साधन म्हणूनच केला जातो. तो शाळेंतील एका विद्यार्थिनीनें लिहिलेला निबंध आहे, अर्थात् शिक्षणाच्या इतिहासाचेंहि तें साधन आहे, ही गोष्ट मागें पडते. प्रस्तुत टिपणांत त्या दुसऱ्या अंगानें त्याचा विचार करावयाचा आहे.

तसें करण्यास कारण आहे. भाषा, गणित, भूगोल इत्यादि ठरीव विषयांबरोबर समाजांतील वादग्रस्त प्रश्न शाळेंत शिकवावे कीं नाहींत, हा वाद आपल्याकडे वारंवार निघतो. एक पक्ष म्हणतो, शाळेनें विद्या द्यावी, मतें देऊं नयेत. दुसरा म्हणतो, ज्या समाजांत मुलास वागावयाचें त्याचीं दुःखें त्यास न सांगणारी विद्या अपुरी होय. दोन्ही पक्ष हा प्रश्न आधुनिक काळाचा समजतात. वास्तविक पुण्यांत तो शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं उपस्थित झाला होता, आणि तोहि एखाद्या शिक्षणशास्त्र्याच्या ग्रंथांत नव्हे, तर एका मुलीच्या लेखांत.

प्रथम त्या पूर्वीची स्थिति पाहूं. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं मराठी शाळांसाठीं जीं पुस्तकें तयार झालीं त्यांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसपनीति' हीं प्रमुख; दोन्ही १८२८ चीं. 'बाळमित्रा'चें मूळ बर्क्वीन नांवाच्या फ्रेंच ग्रंथकाराचें, तें इंग्रजीच्या द्वारें मराठींत आलें. म्हणजे दयाळूपणा, आज्ञाधारकपणा, नोकरांशीं सौम्य वर्तन वगैरे गोष्टी दक्षिणेंतील मुलें परदेशच्या गृहस्थांच्या उदाहरणांवरून शिकत होतीं. नीति हा गणिता-व्याकरणासारखा शास्त्रीय विषय नव्हे, तो शाळेंत कशास, असा आक्षेप त्यावर कोणी घेतल्याचें दिसत नाहीं. आक्षेप येतो तो नीतीचें उदाहरण आपल्या गल्लींतून घेतलें म्हणजे येतो.

सरकारी धोरणाचें मूळ यापेक्षांहि थोडें आधींचें आहे. मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८२३ च्या डिसेंबरांत शिक्षणाविषयीं जें टिपण लिहिलें त्यांत त्यानें नमूद केलें आहे कीं, मिशनऱ्यांस हलक्या जातींचीं मुलें उत्तम विद्यार्थी आढळतात. परंतु अशा लोकांस विशेष उत्तेजन देतांना जपलें पाहिजे, कारण विद्येनें प्रथम त्यांच्यांत मूळ धरलें तर ती पुढें इतरांत पसरणार नाहीं. एल्फिन्स्टन दुष्टबुद्धीचा नव्हता. त्याचा हिशेब व्यवहारी होता. पण या हिशेबानें शाळेच्या दारांतच एक धडा लिहिला गेला, आणि तो कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नसतां प्रत्येक मुलास पाठ झाला.

फुले यांची मुलींची पहिली शाळा १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत भरली. (तो वाडा २०२३ च्या डिसेंबरांत स्मारकासाठीं पाडण्यांत आला.) ३ जुलै १८५१ रोजीं चिपळुणकरांच्या वाड्यांत दुसरी शाळा निघाली, पुढें रास्ता पेठेंत व वेताळ पेठेंत, आणि १८५२ पासून महार-मांगांच्या मुलांसाठीं स्वतंत्र शाळा सुरू झाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरांत विश्रामबागेंत मेजर कँडी याच्या हातून फुले यांचा सरकारतर्फे सत्कार झाला. ज्या वाड्यांत १८२१ पासून ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीं संस्कृत पाठशाळा चालली होती, त्याच वाड्यांत हा समारंभ व्हावा हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आतां निबंधाकडे वळूं. त्याची मांडणी शाळकरी निबंधाची नाहीं. आरंभीं लेखिका धर्मग्रंथांच्या अधिकाराचा मुद्दा घेते: वेद ब्राह्मणांचेच, आम्हांस ते पाहण्याचीहि मनाई, तर मग आम्ही धर्मपुस्तकावांचूनचे लोक ठरलों, आमचा धर्म कोणता तो देवानेंच सांगावा. नंतर ती पेशवाईंतील जुलूम सांगते: तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचें शिर कापून त्याचा चेंडू करून खेळत, वाड्यांच्या पायांत मांग-महारांस तेल व शेंदूर पाजून पुरीत. आणि मग एक चमत्कारिक परिच्छेद येतो. यांच्यापैकीं कोणास वाचतां येतें असें बाजीरावास कळलें, तर तो म्हणे, यांस दफ्तराचें काम देऊन ब्राह्मणांनीं काय धोकटी बगलेंत मारून विधवांच्या हजामती करीत फिरावें! दफ्तर हा शब्द येथें वाचून आमच्यासारख्या दफ्तरें चाळणाऱ्यांनीं क्षणभर थांबावें. अक्षर आणि सत्ता यांचा संबंध ज्या ठिकाणीं होता तें ठिकाण या मुलीनें अचूक ओळखलें. आणि विधवांच्या वपनाचा दुसरा प्रश्न, तो तिच्या जातीचा नसतांहि, त्याच वाक्यांत आणून ठेवला.

या मजकुराची छाननी केल्यावांचून सोडणें योग्य होणार नाहीं. लेखिकेचा जन्म १८४१ च्या सुमाराचा. बाजीराव पुणें सोडून गेला १८१७ च्या नोव्हेंबरांत. तेव्हां शिरांच्या चेंडूची किंवा पायांत पुरण्याची हकीकत तिनें पाहिलेली नाहीं, ऐकलेली आहे. पायांत बळी दिल्याच्या दंतकथा अनेक किल्ल्यांविषयीं व वाड्यांविषयीं ऐकूं येतात. केवळ या निबंधावरून अशी एखादी विशिष्ट घटना घडली असें ठरवितां येणार नाहीं. परंतु येथवर येऊन थांबणारे टीकाकार अर्धेंच काम करितात. बाजीराव गेल्यास १८५५ त चाळीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. ज्यांनीं त्याचा अंमल भोगला तीं माणसें मांगवाड्यांत जिवंत होतीं. त्यांच्या तोंडीं कोणती आठवण होती आणि ती घरांतील मुलांस कशी सांगितली जात होती, याचें हें समकालीन व तारीखवार साधन आहे. बखरीस आपण जो न्याय लावतों तोच येथें लावावा. अधिक नको, उणाहि नको.

दुसरी शंका अधिक अवघड, व मूळ वादाशीं तिचाच जवळचा संबंध. हे विचार मुलीचे कीं शिक्षकांचे? शाळेंत सामाजिक प्रश्न नकोत असें म्हणणाऱ्यांची मुख्य भीति हीच असते कीं, मुलें पंतोजीचें मत पोपटासारखें म्हणून दाखवितील. निबंधांत तसा अंश नाहीं असें नाहीं. वेदाधिकाराचा युक्तिवाद व पंडितांवरील तिखट टीका ही फुले यांच्या व मिशनऱ्यांच्या परिचयाच्या वर्तुळांतली आहे. छापणारें पत्रहि अमेरिकन मराठी मिशनचें. इंग्रजी राज्याची स्तुति, गुलटेकडीच्या बाजारांत आतां मोकळेपणीं हिंडतां येतें हें समाधान, हेंहि त्या पत्रास रुचणारेंच. पण बाळंतिणींविषयींच्या ओळी पाहाव्या. घरावर छप्पर नाहीं, थंडी, पाऊस, वारा, अशा स्थितींत प्रसूत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचें दुःख ती सांगते. त्यांस रोग झाला तर औषधास व वैद्यास पैसा कोठून, असें विचारते. हें कोणत्या शिक्षकानें पढविलें असेल? पुरुष शिक्षकाच्या, मग तो कितीहि सहृदय असो, लक्षांत ही बाब या तपशिलानें येणें कठीण. आमच्या मतें निबंधांत दोन थर आहेत: एक शाळेंतून आलेला, दुसरा घरांतून. शाळेनें केलें तें एवढें कीं, दुसऱ्या थरास वाक्य दिलें. लेखन हा विषय शिकवितांना काय लिहावें यावर मर्यादा घातली नाहीं, म्हणून तें झालें.

त्याच १८५५ सालीं स्वतः फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. कुणबी नवराबायकोची जोशानें केलेली लुबाडणूक हा त्याचा विषय, आणि शेवटीं तीं दोघें रात्रीच्या शाळेंत शिकूं लागतात. कमिटीनें तें नाकारलें. छापून यावयास १९७९ साल उजाडावें लागलें. सव्वाशें वर्षें नाटक हस्तलिखितांतच राहिलें. मुक्ताबाईचा निबंध मात्र ताबडतोब छापला गेला. विद्यार्थिनीस जें साधलें तें गुरूस साधलें नाहीं, आणि याचें श्रेय बव्हंशीं मिशनच्या छापखान्यास आहे, हें मोकळेपणीं सांगितलें पाहिजे.

पुढच्याच वर्षीं, १८५६ च्या जूनमध्यें, धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे असें सरकारनें मान्य केलें, आणि तरीहि एका मुलासाठीं सारी शाळा ओस पडण्याचा धोका पत्करतां येत नाहीं म्हणून प्रवेश नाकारला. हिंदुस्थान सरकारनें १८५७ त कळविलें कीं, बंगाल इलाख्यांत असा मुलगा परत पाठविला गेला नसता. १८५८ त कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनें सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें स्पष्ट केलें. निर्णय कागदावर बदलला. परंतु धारवाडच्या वर्गांत बसलेल्या मुलांनीं त्या वर्षीं भूगोलाबरोबर आणखी काय शिकून घेतलें असेल, हें सांगण्यास शिक्षणशास्त्र लागत नाहीं. शाळा सामाजिक प्रश्नाविषयीं मौन धरूं शकते हेंच मुळीं आम्हांस पटत नाहीं. कोणास कोठें बसविलें यावरूनच ती बोलत असते.

फुले यांचें प्रौढ मत त्यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत आढळतें. बंडखोर म्हणून त्यांची जी कल्पना रूढ आहे तिच्या मानानें त्यांचा अभ्यासक्रम फार साधा वाटतो: वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचें प्राथमिक ज्ञान, आणि नीतिधर्म व आरोग्य यांवर कांहीं धडे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें असावें. शिकवून तयार केलेल्या शिक्षकास बारा रुपयांहून कमी पगार नसावा. आणि शिक्षक शक्य तोंवर शेतकरी वर्गांतला, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास न लाजणारा असावा. सरकारी मराठी क्रमिक पुस्तकें व्यवहारोपयोगी नाहींत, तीं नव्यानें रचावीं, असेंहि ते सांगतात. जातिभेद हा निराळा विषय म्हणून शिकवा असें ते कोठेंच म्हणत नाहींत. तो प्रश्न त्यांनीं शिक्षकाच्या निवडींत, पगारांत व शाळेच्या दारांत घातला, पुस्तकांत नव्हे. मोडी ठेवण्याचा आग्रहहि याच जातीचा: ज्यास मोडी वाचतां येते त्यास कुळकर्ण्याचा कागद वाचतां येतो.

'सामाजिक विषय' हें नांव अभ्यासक्रमांत ठळकपणें आलें तें पुष्कळ पुढें. वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरांत भरलेल्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीनें जी योजना आंखली तींत. इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांची ती जोडणी होती. तिच्या गुणदोषांचा विचार येथें अप्रस्तुत होय.

संग्राहकांस मात्र एक विनंती करावयाची आहे. जुन्या घरांचे माळे उतरवितांना पोथ्या, सनदा व पत्रें वेगळीं काढलीं जातात. त्यांतच सांपडणारे कित्ते, हजेरीपट, परीक्षांचे कागद व मुलांच्या निबंधांच्या वह्या रद्दींत जातात. १८४८ ते १८८२ या काळांतील असे कागद, विशेषतः पुणें, अहमदनगर व सातारा या जिल्ह्यांतील, हातीं आल्यास ते निराळ्या रुमालांत बांधून ठेवावे, आणि मुलाचें नांव, गांव व शाळा वाचतां येत असल्यास तीं रुमालावर टिपून ठेवावीं.