रक्ताची पावलं कोण पुसणार?



मागच्या बैठकीत आम्ही गटाला सांगितलं, की जगात काही कलावंत नुसते चालतात, कुणी ओझं घेऊन चालतात, आणि त्या चालण्यालाच कला म्हणतात. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "मग आपण जन्मभर कलावंतच की! पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी, गवताचा भारा. आपलं नाव कुणी छापलं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा होता. आज त्याबद्दलच बोलू.

या कलेला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. हिला रंग लागत नाही, कागद लागत नाही. कलावंत स्वतःच्या शरीराने लोकांपुढे जे करून दाखवतो, तीच कला. १९६७ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड लाँग हा तरुण एका गवताळ रानात एकाच रेषेत पुन्हा पुन्हा येत-जात राहिला. गवत दबून सरळ रेघ उमटली. तिचा त्याने फोटो काढला आणि ती रेघ कलेच्या इतिहासात गेली. विहिरीकडची पायवाट आपल्या आया-आज्यांनीही अशीच पाडली. तिचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

आता ओझ्याची गोष्ट. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा छोटा देश आहे. तिथे १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं यादवी चालली. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. त्यांत बहुतेक माया आदिवासी होते. सगळ्यांत भयंकर काळ होता १९८२-८३चा. जनरल रिओस माँट याने बंड करून सत्ता घेतली होती. सैन्याने गावंच्या गावं जाळली, बायांवर अत्याचार केले.

बंड करून सत्तेवर आलेल्या माणसाला अध्यक्ष होता येणार नाही, असं त्या देशाची घटना सांगते. तरीही २००३ साली तिथल्या घटना न्यायालयाने याच माणसाला अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची मुभा दिली.

तेव्हा रेजिना होसे गालिंदो ही तरुणी घराबाहेर पडली. काळा पोशाख, पाय अनवाणी, हातात पांढरं पसरट भांडं. भांड्यात माणसाचं रक्त. न्यायालयापासून ती राष्ट्रीय राजवाड्यापर्यंत चालत गेली. थोडं चालायची, भांडं खाली ठेवायची, त्यात पाय बुडवायची, पुन्हा उचलून चालायची. मागे रस्त्यावर लाल पावलं उमटत गेली. घोषणा नाही, भाषण नाही. शेवटी राजवाड्यासमोर उभ्या पोलिसांपुढे तिने ते भांडं ठेवलं. या कृतीला तिने नाव दिलं, 'या पाऊलखुणा कोण पुसू शकेल?'

एका चालण्याने सरकार बदलत नाही. त्या निवडणुकीत रिओस माँट हरला, तो मतदारांनी हरवला म्हणून. पुढे २०१३ साली त्याच्यावर वंशसंहाराचा खटला चालला. इशिल समाजाच्या बायांनी कोर्टात उभं राहून आपल्यावर काय गुजरलं ते सांगितलं. न्यायाधीशही एक बाईच होत्या. ऐंशी वर्षांची शिक्षा झाली. दहाच दिवसांत वरच्या न्यायालयाने निकाल रद्द केला. २०१८ साली तो मेला, तेव्हा नव्याने सुरू झालेला खटला संपलेला नव्हता. पण बायांनी दिलेली साक्ष मात्र दप्तरात राहिली.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. रेजिनाने ओझं स्वतः निवडलं होतं, आणि ते कुठे नेऊन ठेवायचं हेही तिनेच ठरवलं होतं. आपला हंडा आपण निवडलेला नाही. म्हणून कुणी आपल्या ओझ्याला कला म्हणून गौरवलं, तर भुलू नका. हंडा डोक्यावरून उतरलाच पाहिजे. पण तिच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जे कुणी बघत नाही, ते बघायलाच लागेल अशा जागी नेऊन ठेवायचं.

तर या आठवड्यात प्रत्येकीने लिहून ठेवा: पाण्यासाठी रोज किती खेपा, किती वेळ, किती हंडे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी भिंतीवर कोळशाने रेघा ओढा. पुढच्या ग्रामसभेत आपण तो हिशेब मांडू, आणि वहीबरोबर रिकामा हंडाही समोर ठेवू.