भिंतीपलीकडील खोली

इ. स. १८९४ ते १८९६ या काळांत कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बोस यांनीं केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका ठिकाणीं विद्युल्लहरी उत्पन्न करावयाच्या, आणि मध्यें दोन भिंती असतांना सुमारें २३ मीटरांवर घंटा वाजवावयाची व बंदुकीच्या दारूचा स्फोट करावयाचा, असें त्याचें स्वरूप होतें. त्याच गोत्रांतील लहरी आज घरोघरीं वाय-फायच्या राउटरमधून अहोरात्र निघत असतात. तरीहि दिवाणखाना सोडून मागल्या खोलींत गेलें कीं मोबाइलवरील चित्र अडखळतें, आणि परसांतील खोलींत तर तें उमटतच नाहीं. बोसांना सव्वाशे वर्षांपूर्वी जें साधलें तें आज कां साधूं नये?

याचें उत्तर असें कीं, घंटेला केवळ एक हाक पुरते. हाकेंतील शब्द कळण्याची तिला गरज नसते. इंटरनेटवर एका सेकंदांत लक्षावधि अक्षरें जावयाचीं असतात, आणि त्यांतील प्रत्येक स्वच्छ ऐकूं यावें लागतें. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा व कचेऱ्या घरांत आल्या, तेव्हां ही गोष्ट केवळ चैनीची राहिली नाहीं. वर्ग भरलेला, शिक्षक बोलत असलेले, आणि मुलगी फोन उंच धरून उंबऱ्यावर बसलेली, असा देखावा कित्येक घरांनीं पाहिला.

राउटर दुबळा आहे, अशी पुष्कळांची तक्रार असते. तो मुद्दाम दुबळा ठेवलेला आहे, हें अधिक खरें. १९८५ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगानें २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा परवान्यावांचून वापरण्यास मोकळा केला. हा पट्टा म्हणजे रेडिओच्या मुलखांतील पडीक जमीनच होती. मायक्रोवेव्ह भट्ट्यांची लुडबुड तेथें आधींपासून चाललेली. अट एवढीच कीं, शक्ति मर्यादेंत ठेवावी आणि इतरांचा उपद्रव मुकाट्यानें सोसावा. भारतांत या पट्ट्याला अशीच मोकळीक २००५ सालीं मिळाली. परवाना नको असेल तर आवाज लहान, असा हा सौदा आहे. आणि शेजारीं राउटर असलेल्या कोणालाहि तो रास्तच वाटावा. शिवाय राउटरचा आवाज वाढविला तरी हातांतील फोनचा आवाज लहानच राहणार. त्याचें उत्तर परत पोहोंचलें नाहीं तर संभाषण कसलें?

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. भिंती, कपाटें, जमीन यांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात, आणि घुमटांत बोलावें त्याप्रमाणें शब्दावर शब्द चढतो. ऑस्ट्रेलियाचे जॉन ओ'सलिव्हन हे रेडिओ-ज्योतिर्विद. स्फोट पावणाऱ्या इवल्याशा कृष्णविवरांच्या लहरी त्यांनीं १९७७ च्या सुमारास शोधून पाहिल्या. विवरें सांपडलीं नाहींत. परंतु अस्पष्ट लहरी स्वच्छ करण्याचें त्या क्षेत्रांतील गणित पुढें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरांतील प्रतिध्वनीवर चालविलें. घाईनें धांवणारा एक प्रवाह अनेक संथ प्रवाहांत वांटून एकाच वेळीं सोडावयाचा, हें त्यांतील मर्म. अमेरिकेंत त्याचें पेटंट १९९६ सालीं मिळालें.

प्रतिध्वनीला शत्रु न मानतां कामाला लावण्याची कल्पना याहूनहि धाडसाची. भारतीय नौदलांत अनेक वर्षें काढलेले आरोग्यस्वामी पॉलराज आणि पुण्यांत जन्मून तेथील इंजिनियरिंग कॉलेजांत शिकलेले थॉमस कैलाथ यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत ती मांडली. १९९४ सालीं तिला पेटंट मिळालें. अनेक अँटेना लावल्या म्हणजे निरनिराळ्या वाटांनीं येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या ओळखतां येतात, आणि तितकी अधिक माहिती एकाच पट्ट्यांतून नेतां येते. वाय-फायच्या २००९ च्या मानकांत ही पद्धति आली. पुणेकरांनीं याचा अभिमान खुशाल बाळगावा. पण त्यांच्याच जुन्या वाड्यांच्या हातभर रुंद भिंतींपुढें हें गणितहि हात टेकतें.

अशा ठिकाणीं जुनी टप्प्यांची युक्ति कामास येते. हलकारे जसे थैली हातोहात पुढें नेत, तसा रिपीटर लहरी ऐकून पुन्हा उच्चारतो. मात्र एकाच कंठानें ऐकावयाचें व बोलावयाचें असल्यामुळें वेग सुमारें निम्म्यावर येतो. त्यांत लोक तो नेमका अंधाऱ्या खोलींत नेऊन ठेवतात! तेथें त्यालाच कांहीं ऐकूं येत नाहीं. त्याची जागा मधल्या वाटेवर, जेथें आवाज अजून चांगला आहे तेथें. अमेरिकेंत एम. आय. टी. च्या संशोधकांनीं या शतकाच्या आरंभीं केंब्रिज गांवांतील घरांच्या छपरांवर असे टप्पे बसवून, निरोपाची वाट त्यांनीं आपापसांतच ठरवावी अशी योजना केली. २०१६ च्या सुमारास घरगुती ‘मेश’ संच बाजारांत आले, ते याच वळणाचे.

तरीहि सर्वांत खात्रीचा उपाय तारेचा. नॉर्मन अब्रॅमसन यांनीं हवाई बेटांवर १९७१ सालीं बिनतारी संगणकजाळें सुरू केलें. त्यावरूनच रॉबर्ट मेटकाफ यांना १९७३ सालीं इथरनेट या तारेच्या जाळ्याची कल्पना सुचली. बिनतारीनें तारेला दिलेलें तें ऋण आतां फिटत आहे. परसांतील खोलीपर्यंत इथरनेटची तांब्याची तार न्यावी व तेथें दुसरी लहानशी पेटी बसवावी. ही तार १०० मीटरांपर्यंत चालते. अंतर त्याहून अधिक असेल, किंवा पावसाळ्यांत विजांचें भय असेल, तर कांचेचा तंतु घालावा. त्यांतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं.